राख कुणाच्या घरची?

१

रविवारी सकाळी पाटणकरांच्या चाळीत "घोडा रे घोडा!" अशी आरोळी उठली आणि कमळाबाईंच्या हातातलं उलथणं हवेतच थांबलं.

अंबरनाथला नव्यानं राहायला आल्या तेव्हा ही आरोळी ऐकून त्या खरोखरच खिडकीत धावल्या होत्या, घोडा बघायला. शेजारच्या सिंधी अम्मा घाबरल्या, चिडल्या किंवा हळहळल्या की 'घोडा रे' म्हणतात, हे कळायला सहा महिने गेले. आता पाच वर्षांनी कमळाबाईंना घोड्यांच्या संख्येवरून संकट ओळखता यायचं. दूध उतू गेलं तर एक घोडा. नळ गेला तर दोन. आज लागोपाठ चार धावले. कमळाबाईंनी कढई खाली उतरवली, हात पदराला पुसले आणि व्हरांड्यात धाव घेतली.

अम्मा आपल्या दारातच बसकण मारून बसल्या होत्या. मांडीवर सहा महिन्यांचा नातू लालू, आणि हातात चांदीची वाटी. वाटी आतून काळी ठिक्कर पडली होती. नुसती मळलेली नव्हे, आत काजळ धरल्यासारखी.

"कमला, बघ! जहर!" अम्मांनी वाटी पुढे केली. "चांदी खोटं बोलत नाय. काल सांजेला मुंहिंजे लालला, माझ्या लालूला, मी याच वाटीतून दूध पाजलं, माझ्या हातानं!"

ती वाटी साधीसुधी नव्हती. फाळणीत शिकारपूरचं घर सोडताना अम्मांनी ती रजईत शिवून आणली होती. पेट्या कराचीच्या बंदरात राहिल्या, दागिने वाटेत गेले, रजई तेवढी पोचली. त्या वाटीतून अम्मांचा मुलगा दूध प्यायला होता, आता नातू पीत होता. आपल्या गावचं काय उरलं, असं कुणी विचारलं की अम्मा वाटी दाखवायच्या.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी लालूचं पोट दाबलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले. लालूनं त्यांच्या गळ्यातली नळी ओढून तोंडात घातली.

"पोराला काही झालेलं नाही," डॉक्टर नळी सोडवत म्हणाले.

"आणि ही वाटी?" अम्मांच्या मुलानं, गोपालदासनं विचारलं.

"वाटीचं मला विचारू नका. मी माणसांचा डॉक्टर."

डॉक्टर गेले आणि सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी वळल्या. दोन्ही घरची भांडी घासणारी ठमी नुकतीच येऊन जिन्याशी उभी होती. बदलापूरच्या पलीकडच्या ठाकरवाडीची बाई, काटक, कमी बोलणारी. शुक्रवारी तिनं लालूच्या पोटदुखीवर रानातली एक मुळी आणली होती. अम्मांनी ती हिसकावून गटारात भिरकावली होती आणि ठमी जाता जाता म्हणाली होती, "पोर रडंल तवा याद येल माझी." हे अख्ख्या चाळीनं ऐकलं होतं.

"मुळ्या कोण ओळखतं? वाटी कोण घासतं?" गोपालदास म्हणाला. तसा भला माणूस, पण आज त्याचे ओठ पांढरे पडले होते. "निर्वासितांच्या कॅम्प तीनमधलं माझं दुकान उघडून, पाच वाजता हवालदार हिंदुरावांना घेऊनच येतो. तोपर्यंत ही इथून हलणार नाही."

ठमी जिन्यापासून पुढे आली. व्हरांड्याच्या खांबाला टेकून खाली बसली, डावा हात पदराखाली घेऊन.

कमळाबाईंना पुढचं दिसत होतं. वाडीवरच्या बाईला एकदा चौकीत नेलं की मग ती निर्दोष सुटली काय न् न सुटली काय! अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुणी तिला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हतं. आणि वाडीवर आवडी आणि सरू या तिच्या दोन पोरी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या असायच्या.

२

कमळाबाई तरातरा घरात शिरल्या. त्यांचे यजमान विष्णुपंत अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते.

"ऐकलंत ना सगळं? मग उभे काय राहिलात?"

"अर्धी दाढी राहिली आहे."

"ती राहू दे. दिवसभर त्या कारखान्यात कोळशाच्या पोटातलं काढता ना? आता हे काढा."

विष्णुपंत अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कोळसा तपासत. बॉयलरसाठी वॅगन आली की ते तिच्यातला मूठमूठ कोळसा ठिकठिकाणहून उचलायचे, कुटायचे, मुशीत जाळायचे आणि सांगायचे, यात पाणी किती, धूर किती, राख किती, गंधक किती. बत्तीस वर्षं हेच केलं. घरी आले तरी डोक्यात कोळसाच. बाकीच्या बायकांच्या फळीवर पितळेचे डबे ओळीनं मांडलेले. कमळाबाईंच्या फळीवर वर्तमानपत्र अंथरून ठेवलेले कोळशाचे तुकडे, प्रत्येकाखाली खाणीच्या नावाची चिठ्ठी. "लोकांच्या घरी देव असतात, आमच्या घरी खाणी," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मात्र दर शनिवारी त्याच त्यावरची धूळ झटकायच्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षी विष्णुपंतांनी त्यांना एक तुकडा दाखवला होता. काळ्या अंगात पिवळे चमचमते कण. "अगंबाई, सोनं!" म्हणून त्या हरखल्या होत्या. "सोनमाखी," ते म्हणाले होते, "लोखंड आणि गंधक. सोनं असतं तर कारखान्यानं मला हात लावू दिला असता का?" तो दिवस आठवला की दोघांना अजून हसू यायचं. गेल्या आठवड्यात तसलाच, सोनमाखीनं भरलेला एका नव्या खाणीचा कोळसा त्यांनी नापास केला होता. "हा जाळला तर बॉयलरच्या नळ्या खाऊन टाकील," म्हणाले, आणि उरलेला नमुना पिशवीत घालून घरी घेऊन आले, कौतुकानं.

"पंधरा माणसांत मी सांगेन, ठमी असं करणार नाही," कमळाबाई म्हणाल्या. "मला टायफॉइड झाला तेव्हा माझे केस कुणी विंचरले? तुम्ही?"

"नाही."

"मग?"

विष्णुपंतांनी उरलेली दाढी तशीच ठेवली, तोंड पुसलं आणि खुंटीवरच्या कोटातून भिंग काढलं.

"तुझं काय गं, काल संध्याकाळी? तू खिडकी लावून घेतलीस ना धाडकन?"

"लावणार नाही तर काय! अम्मांच्या मोरीकडून कुजक्या अंड्यांचा असा भपकारा आला! चालिहाचं व्रत चालू म्हणे त्यांचं, चाळीस दिवस मांस-अंडं वर्ज्य. चांगलं चाललंय व्रत." कमळाबाईंचं आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं. काल सकाळपासून सगळंच बिनसलं होतं. श्रावणातल्या हवेनं लोणाऱ्याचा लाकडी कोळसा दमट झालेला, शेगडी पेटेना. शेवटी हाताला लागलं ते घालून फुंकर मार मार मारली तेव्हा कुठे चहा झाला, आणि डोळे दिवसभर चुरचुरत राहिले.

"अंडी," विष्णुपंत म्हणाले, आणि एकदम खूश दिसायला लागले.

३

आधी अम्मा. विष्णुपंत त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि दोन्ही हात पुढे करून वाटी मागितली, प्रसाद मागावा तशी. अम्मांना ते बरं वाटलं.

"काल पाजलं तेव्हा वाटी कशी होती?"

"जरा मळकट. म्हणून तर ठमीला बोलले, उद्या झूलेलालचं पूजन आहे, चांगली घास, आरशासारखी कर. सकाळी फळीवरून काढली, तर ही अशी!"

"रात्री कुणी हात लावला?"

"कोण लावणार? पालथी होती."

विष्णुपंतांनी वाटी उन्हात धरून भिंगातून पाहिली. मग कमळाबाईंच्या हातात भिंग दिलं. वाटी आतून काळी होतीच, पण बाहेरच्या अंगालाही तीन पुसट काळे पट्टे होते, शेजारी शेजारी, किंचित वळलेले.

"काय दिसतं?"

"पट्टे. बोटांचे असावेत तसे."

"दूध वाटीच्या आत असतं. ते बाहेरून बोटं कशाला ओढील?" एवढंच म्हणून ते उठले.

पालेगावचा गवळी आनंदा खाली सायकलला किटल्या अडकवत होता. जहर हा शब्द ऐकताच त्यानं दोन्ही कान पकडले.

"पानी घालतो, साहेब. खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात थोडं जास्त घालतो. पन जहर कशाला घालीन? ह्याच किटलीतलं दूध माझी पोरं पितात."

"पाणी न घातलेलं?" कमळाबाईंनी वरून विचारलं.

आनंदानं किटलीचं झाकण उगाचच घट्ट केलं. उद्यापासून याच्याशी वेगळ्या भाषेत बोलायचं, असं कमळाबाईंनी मनाशी ठरवलं. पण हा विष घालणारा माणूस नव्हे, एवढं त्यांना कळलं.

मग अम्मांची सून मोहिनी. ती स्वयंपाकघरात स्टोव्हला पिन मारत होती. वीस-एकवीस वर्षांची पोर, डोळे रडून लाल.

"काल घरात अंडं फोडलं होतं का, बेटी?"

"हाय हाय, काका! चालिहात अंडं? अम्मा मला घराबाहेर काढतील."

"तुमचा सगळा स्वयंपाक या स्टोव्हवरच का?"

"हो ना. दूधसुद्धा."

"मग ठमी भांडी कशानं घासते? स्टोव्हची काही राख होत नाही."

"तुमच्याकडचीच नेते की डब्यातून. काकींनीच सांगितलंय, नेत जा म्हणून."

"मग! आमच्याकडची राख म्हणजे मैदा," कमळाबाई दारातून म्हणाल्या. "नुसती फिरवली तरी पितळ हसतं."

विष्णुपंतांनी बायकोकडे पाहिलं. मग चष्मा पुसायला घेतला. त्यांचा आनंद कुठे गेला, ते कमळाबाईंना समजेना.

तेवढ्यात मोहिनीनं त्यांचा पदर धरला. "काकी, एक सांगू? अम्मांना नका सांगू." ती कुजबुजली. "ती मुळी मी गटारातून उचलली. धुतली. ठमीला विचारून, उगाळून लालूच्या बेंबीवर लावली. दोन रात्री पोर शांत झोपलं. पोटात एक थेंबही नाही दिला. पण मी हे बोलले तर सगळे म्हणतील, सुनेनंच..." पुढचं हुंदक्यात गेलं.

कमळाबाईंनी तिला जवळ घेतलं. वाईटही वाटलं आणि रागही आला. बाहेर ती बाई खांबाला टेकून बसलीय आणि ही आत तोंड शिवून! पण वीस वर्षांची असताना सासूपुढे आपण तरी किती बोललो होतो?

४

दुपारचं जेवण कुणालाच गेलं नाही. कमळाबाईंनी ताट वाढून ठमीपुढे ठेवलं. ठमीनं उजव्या हातानं दोन घास खाल्ले. डावा हात सकाळपासून पदराखाली होता तो होताच.

"हात दाखव, ठमे."

"काय नाय बाय."

"दाखव म्हणते ना!"

ठमीनं मान खाली घातली आणि हात बाहेर काढला. मनगटात चांदीचं कडं होतं, तिच्या आईचं. ते काळं पडलं होतं. वाटीसारखंच काळं.

समोरच्या बिऱ्हाडातली एक बाई नेमकी तेव्हाच वाकून बघत होती. "अगंबाई! हिच्याच हाताला लागलंय जहर!" ती ओरडली, आणि बघता बघता व्हरांडा माणसांनी भरला. अम्मांनी लालूला छातीशी घट्ट धरलं.

ठमीच्या डोळ्यांतून पहिल्यांदाच पाणी आलं. "सकाली उजाडल्यावर बघलं मी. मना वाटलं माझे आयेचा कोप झाला. म्हनून झाकलं. मी पोराला काय केला नाय, बाय. तुमचे गळ्याची आन."

कमळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. पण विष्णुपंत ठमीसमोर उकिडवे बसले होते आणि ते कडं भिंगाखाली फिरवत होते.

"शाब्बास, ठमाबाई," ते म्हणाले. "हे आधी का नाही दाखवलंस? सुटलीस तू."

"सुटली कशी?" अम्मांनी विचारलं.

"अम्मा, जहर दुधात असतं तर वाटी तेवढीच काळी झाली असती. हिचं कडं दुधात कधी बुडलं? वाटी आणि कडं एकत्र कुठे होती तेवढं शोधा. चुलीपाशी नाही, लालूच्या तोंडापाशी नाही. मोरीत होती, घासताना. म्हणजे जे काही घडलं ते दूध पिऊन झाल्यावर घडलं." मग ठमीला म्हणाले, "काल वाटी कशी घासलीस, जशीच्या तशी सांग."

"आमांनी सांगितलं आरशावानी कर. म्हनून चिंच घेतली. चिंच नि राख कालवली, वाटी भरली, भायेरनं तीन बोटां फिरवली. मुरू दिली. तंवर पानी भरलं. मग इसळली नि फळीवर पालथी घातली. मोरीत अंधार व्हता, काय दिसलं नाय."

"वास?"

"लय घान. मना वाटलं उंदीर मेला."

"आणि राख कशी होती? नेहमीसारखी?"

"नाय. लाल व्हती. मना वाटलं कमळाबायनी विटकर घातली, भांडी चकाकावी म्हनून."

कमळाबाई हसल्या. "मी कशाला विटकर घालू?" आणि हसता हसता थांबल्या.

५

मागच्या दाराशी राखेचा डबा होता. विष्णुपंतांनी तो उचलून वर्तमानपत्रावर उपडा केला. खालची जुनी राख पांढुरकी, मऊ. वरची विटेच्या रंगाची, खरखरीत, आणि तिच्यात अर्धवट जळलेले काळे खडे. त्यातल्या एका खड्यावर, अगदी मोहरीएवढा, पिवळा कण चमकत होता.

कमळाबाईंनी तो खडा ओळखला.

काल सकाळी शेगडी पेटत नव्हती तेव्हा 'हाताला लागलं ते' म्हणजे फळीखालची ती पिशवी होती. नवऱ्याच्या कौतुकाची. कोळसा तो कोळसा, असं म्हणून त्यांनी ती शेगडीत रिकामी केली होती. निळसर ज्वाळा, काडी ओढल्यावर येतो तसा घशात जाणारा धूर. आणि अर्धवट विझलेली ती राख नेहमीप्रमाणे डब्यात. नमुना जाळला हे विष्णुपंतांना कसं सांगायचं, या विचारात त्यांनी पिशवी घडी करून गादीखाली लपवली होती.

"आपण नावं किती आळशीपणानं ठेवतो बघ," विष्णुपंत खडा हातात घोळवत, बायकोकडे न पाहता म्हणाले. "लोणारी लाकूड जाळून करतो तोही कोळसा, आणि खाणीतून काढतात तोही कोळसाच. लाकडाच्या कोळशात गंधक जवळजवळ नसतंच. खाणीतला कोळसा म्हणजे युगानुयुगं पुरलेलं रान, पण त्या रानाबरोबर चिखल आला, वाळू आली, चुना आला, आणि सोनमाखी. नीट जळाली तर तिचं गंधक धुरातून जातं, लोखंड गंजून राख लाल होते. पण शेगडी कोंदली, तर निम्मं गंधक लोखंडाला धरून खड्यातच राहतं. त्यावर चिंचेचं आंबट पडलं की ते सुटतं, वायू होऊन. कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. आणि चांदीला त्याच्यासारखा वैरी नाही."

"म्हणजे... हे सगळं..." कमळाबाईंनी राखेकडे बोट केलं.

"पाच वाजत आले," विष्णुपंत म्हणाले. "तुझा करंडा देशील? काळा होईल."

चांदीचा करंडा कमळाबाईंच्या आईनं दिलेला होता. त्यांनी त्यातलं कुंकू कागदात काढून ठेवलं आणि करंडा नवऱ्याच्या हातात दिला.

६

गोपालदास आला तो हवालदार हिंदुरावांना घेऊनच. हिंदुरावांनी काठी भिंतीला टेकवली आणि घाम पुसला. "कोण बाई ती?"

"दोन मिनिटं, हवालदार," विष्णुपंत म्हणाले. व्हरांड्यात त्यांनी मातीचे दोन परळ मांडले होते. एकात चाळमालकांच्या बंबातली लाकडाची राख, दुसऱ्यात डब्यातली लाल राख. दोन्हींवर त्यांनी चिंचेचं पाणी ओतलं. पहिल्यात करंड्याचं झाकण पुरलं, दुसऱ्यात करंडा.

थोड्या वेळानं हिंदुरावांनी नाक दाबलं. "काय सडलंय हो?"

"हाच वास! काल हाच होता!" दोन-तीन बायका एकदम ओरडल्या.

विष्णुपंतांनी झाकण धुऊन वर धरलं. लख्ख. मग करंडा काढला. करंडा काळा ठिक्कर पडला होता.

अम्मांनी वाटी आणि करंडा शेजारी शेजारी धरले, पुन्हा पुन्हा पाहिले. "दूध नाही... जहर नाही..." त्या पुटपुटल्या, आणि लालूच्या टाळूवर ओठ टेकून रडायला लागल्या.

"बरं, बाई सुटली," हिंदुराव म्हणाले. "पण ही लाल राख कुणाच्या घरची म्हणायची? मला वर सांगावं लागेल."

"माझी," विष्णुपंत म्हणाले. "कारखान्यातला कोळसा मी घरी आणला. नको तिथे ठेवला. चूक—"

"थांबा हो." कमळाबाई पुढे आल्या. अख्खी चाळ बघत होती आणि त्यांचे कान तापले होते. पाच वर्षं या चाळीत त्यांनी सगळ्यांना राख कशी ठेवावी आणि भांडी कशी घासावी ते शिकवलं होतं. "हे मला वाचवायला बघतायत. पिशवी मी जाळली, यांना न विचारता. राख मी डब्यात टाकली. ठमी दिवसभर इथे चोरासारखी बसली, ती माझ्यामुळे. मी तिची बाजू घेतेय म्हणून मिरवत होते, आणि सगळं माझ्याच घरातून निघालं. राख माझ्या घरची आहे."

मागून मोहिनीचा बारीक आवाज आला. "अम्मा, ती मुळी मी लावली लालूला. ठमीच्या मुळीनंच तो झोपला." आणि ती डोळे मिटून सासूच्या शिव्यांची वाट बघत उभी राहिली.

अम्मांनी लालूला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "आधी बोलायचं ना गं," आणि त्यांनी सुनेला खाली ओढून जवळ बसवलं.

पुढचं काम विष्णुपंतांनी हौसेनं केलं. कमळाबाईंचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं मागितलं, त्यात उकळतं पाणी, मूठभर धुण्याचा सोडा आणि मीठ घातलं. वाटी आणि करंडा तळाला टेकवून ठेवले. सगळे वाकून बघत होते. पुन्हा तो वास आला, पण हलका, जाता जाता आल्यासारखा. वाटीचा काळेपणा विरत विरत गेला आणि शिकारपूरची चांदी पांढरी शुभ्र वर आली.

अम्मा उठल्या आणि ठमीपाशी गेल्या. त्यांनी तिच्या मनगटातलं कडं उतरवलं आणि आपल्या हातानं पातेल्यात, वाटीच्या शेजारी ठेवलं. उजळलं तसं पदरानं पुसलं आणि पुन्हा तिच्या हातात चढवलं. "माफ कर, पुट," त्या म्हणाल्या. पुट म्हणजे लेकरू. ठमीला सिंधी येत नव्हती. पण तिनं मान डोलावली.

गोपालदास खाली बघत होता. "ठमाबाई," तो म्हणाला, "उद्या येशील ना?"

ठमीनं कमळाबाईंकडे एकवार पाहिलं, पदर खोचला आणि जिना उतरून निघून गेली.

त्या संध्याकाळी कमळाबाई गादीखालची रिकामी पिशवी घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"पिशवी नाही ते काल रात्रीच पाहिलं. राख तुझी हे कळलं स्टोव्हपाशी."

"मग दिवसभर बोलला का नाहीत?"

"तूच सांगशील, वाटलं," विष्णुपंत म्हणाले. "आणि नसतं सांगितलंस तर मी होतोच की." त्यांचा एक गाल अजून न केलेल्या दाढीनं पांढरा होता. कमळाबाईंनी उरलेली दाढी आपल्या हातानं, साबण लावून, करून दिली. पण मन थाऱ्यावर नव्हतं. ठमी आलीच नाही तर?

सोमवारी सात वाजून गेले, साडेसात झाले. कमळाबाई तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आल्या. पावणेआठला ठमी आली. डोक्यावर पळसाच्या पानांत बांधलेलं एक गाठोडं होतं. मागच्या दाराशी तिनं ते उतरवलं, कमळाबाईंचा डबा घासून पुसून कोरडा केला, आणि गाठोडं त्यात सोडलं. पांढरी, मऊ, बारीक राख.

"ही माझे घरची," ठमी म्हणाली. "रानचे लाकडाची. आता दोनी घरांला मीच आननार. तुमचेवर भरोसा नाय, बाय."

"नाहीच ठेवायचा," कमळाबाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. त्यांनी चिमूटभर राख घेऊन करंड्यावर फिरवली. "चहा घेतेस ना?"

"घेन की," ठमी म्हणाली. "शेगडी मी पेटवतो. तुमी सरा."